मिस्त्रींच्या सहीखालचा पत्ता

मला दार नाही, उंबरठा नाही, गल्ली नाही, तरी मी पत्ताच आहे. ई-मेलचा पत्ता. आधी थोडी अक्षरं, मग सत्तेचाळीस हा आकडा, मग मधोमध ते शेपूट गुंडाळून बसलेलं चिन्ह, ज्याला सगळे ॲट म्हणतात, आणि पुढे टपाल सांभाळणाऱ्या कंपनीचं नाव. एवढाच माझा देह. पण या एवढ्याशा देहानं तेरा वर्षांत काय काय पाहिलंय ते ऐकलंत तर तोंडात बोट घालाल. वेळ असेल तर बसा, नसेल तरी बसा, मला बोलायची हौस आहे.

माझा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करायच्या दुकानात झाला. दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे काचेची खिडकी, आत एक जाड लाकडी टेबल आणि मागच्या भिंतीला लहान लहान खणांचं कपाट. कुठल्या खणात काय आहे ते कुठेही लिहिलेलं नाही. प्रत्येक खणाच्या मुठीला आतल्या वस्तूचा एकेक नमुना दोऱ्यानं बांधलाय. स्क्रू तर स्क्रू, स्प्रिंग तर स्प्रिंग. टेबलाच्या कोपऱ्यात जुना संगणक आहे. त्याच्या पडद्यामागून मला जेवढं दिसलं आणि पत्रांतून जेवढं कळलं, तेवढंच मी सांगणार आहे.

दुकानाच्या मालकांना सगळे मिस्त्री म्हणतात. त्यांची मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात निघाली, तेव्हा जायच्या आदल्या दिवशी तिनं मला तयार केलं. रोज फोन करायला जमणार नाही, पण मी लिहीन आणि तुम्ही उत्तर द्यायचं, असं तिनं वडिलांना बजावलं. तिनं निवडलेलं पहिलं नाव कुणीतरी आधीच घेतलेलं निघालं, दुसरंही निघालं. मिस्त्रींना याचा राग आला. आपण अजून मागितलंही नाही तर दुसऱ्यानं नेलं कसं, असं ते विचारत राहिले. शेवटी दुकानाचा नंबर जोडला आणि मी झालो. माझं कुलूप उघडायचा शब्द मिस्त्रींनी खडूनं कपाटाच्या दारावर लिहून ठेवला. मुलीनं डोक्याला हात लावला आणि तो पुसला. ती गेल्यावर त्यांनी तो पुन्हा लिहिला, या वेळी दाराच्या आतल्या बाजूला. आजही तो तिथेच आहे.

पहिलं वर्षभर माझ्याकडे दोनच प्रकारची पत्रं यायची. मुलीची, आणि गिऱ्हाइकांची. मुलगी लिहायची की इथलं पाणी जड आहे, केस गळतात. गिऱ्हाइकं लिहायची की दोरा तुटतो, सुई मोडते. मिस्त्री दोघांनाही सारख्याच गंभीरपणे, एका बोटानं अक्षरं शोधत उत्तर द्यायचे. दुकानात पाऊल टाकणाऱ्याला 'बसा' म्हणायचं आणि आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं, ही त्यांची शिस्त. या शिस्तीपायी पुढे आमच्या नाकी नऊ आले.

मग मिस्त्रींना मंडळ सापडलं. जुन्या शिलाई मशीनची दुरुस्ती करणाऱ्यांचं ते मंडळ. त्याला ना खोली ना खुर्ची, सगळा कारभार पत्रांवर. मंडळाच्या पत्त्यावर एकानं पत्र टाकलं की ते आपोआप सगळ्या सभासदांना पोचायचं. लोक याला मेलिंग लिस्ट म्हणतात, मिस्त्री 'आमचं मंडळ' म्हणतात. कुणी विचारायचं की अमक्या मशीनचा टाका सैल का पडतो, आणि कुठल्या तरी दूरच्या देशातला म्हातारा कारागीर चार पानी उत्तर द्यायचा. शिवाय प्रत्येक पत्राची एक प्रत इंटरनेटवर उघड्या पानांवर लावलेली असायची. कुणीही यावं, वाचावं, शिकून जावं.

मंडळ चालवणारे गृहस्थ पूर्वी ग्रंथपाल होते. त्यांचा एक नियम होता, की बिनपत्त्याचं पत्र पुढे पाठवायचं नाही. कारागिरानं आपली पाटी लावूनच बोलावं, म्हणजे ऐकणाऱ्याला विश्वास वाटतो, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्रींना हे फारच पटलं. त्यांनी सहीखाली पाच ओळी टाकायला सुरुवात केली. धंदा काय, किती वर्षं, कुठल्या मशीनचा हात बसलाय, मग 'केव्हाही लिहा, उत्तर मिळेल', आणि शेवटच्या ओळीत मी. मिस्त्रींनी मंडळाला नऊशेच्या वर पत्रं लिहिली असतील. म्हणजे मी नऊशे वेळा त्या उघड्या पानांवर झळकलो. खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेलो होतो.

एके दिवशी दुपारी त्या पानांवर एक पाहुणा आला. तो माणूस नव्हता, प्रोग्राम होता. एक पान वाचायचं, त्यावरच्या दुव्यावरून पुढच्या पानावर जायचं, असं करत तो पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत गेला. दोऱ्याचा ताण, सुईचा नंबर, म्हाताऱ्या कारागिराची चार पानं, यातलं काही त्याला नको होतं. त्याला हवं होतं फक्त ते शेपटीचं चिन्ह. चिन्ह दिसलं की त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं उचलायचं आणि पुढे सरकायचं. काही हुशार सभासदांनी चिन्हाऐवजी अक्षरांत 'ॲट' लिहिलं होतं, जागा सोडून. त्याला तीही युक्ती पाठ होती.

मला काय वाटलं असेल? मला वाटलं, चला, शेवटी कुणीतरी आपल्याला इतक्या निगुतीनं वाचतंय. सगळे सल्ला वाचून जातात, सहीखालचा पत्ता कोण बघतो? मी भोळा. पाहुणा काही न बोलता निघून गेला आणि मी होतो तिथेच राहिलो. फक्त माझी नक्कल गेली होती. घरातलं काही हरवलं नव्हतं, त्यामुळे चोरी झाल्याचं कुणालाच कळलं नाही.

पुढचं मला हळूहळू समजलं. आम्हा पत्त्यांची एक लांबलचक यादी झाली, ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून दहा जणांकडे गेली. आणि मग एका सकाळी माझ्याकडे एक विधवा बाई आल्या. म्हणजे त्यांचं पत्र. त्यांचे पती अफाट संपत्ती मागे ठेवून वारले होते आणि ती संपत्ती त्यांना नेमकी आमच्या मिस्त्रींना द्यायची होती.

मिस्त्रींनी चष्मा पुसून पत्र दोनदा वाचलं आणि उत्तर लिहिलं. आपला पत्ता चुकलेला दिसतो, मी शिलाई मशीन दुरुस्त करतो, आपल्या यजमानांचं ऐकून वाईट वाटलं, तब्येतीला जपा. दुसऱ्या दिवशी कुणी वजन घटवायची गोळी विकायला आलं. मिस्त्रींनी कळवलं की माझं वजन बावन्न किलो आहे, यातून घटवलं तर बायको रागावेल. तिसऱ्याला त्यांनी नम्रपणे लिहिलं की कृपया आपल्या यादीतून माझं नाव काढावं.

इथेच गाडी रुळावरून घसरली. ही पत्रं पाठवणाऱ्यांना एकच गोष्ट ठाऊक नसते, की या पत्त्यावर कुणी राहतं की तो ओस पडलाय. मिस्त्रींच्या एकेका उत्तरानं त्यांना ती कळत गेली. यादीत माझ्यापुढे खूण झाली असणार, की इथे माणूस आहे, आणि तो बोलतो. दिवसाला दहा पत्रं होती ती चाळीस झाली, चाळीसाची तीनशे झाली. एकदा तर माझ्याच नावानं मलाच पत्र आलं, केस उगवायच्या तेलाचं. मी ते लिहिलं नव्हतं, शपथेवर सांगतो.

मिस्त्रींच्या सकाळी त्यात जायला लागल्या. त्यांची बायको चहा घेऊन यायची, पडद्याकडे एक नजर टाकायची आणि विचारायची, "अहो, आज किती जणांनी तुम्हाला वारस नेमलं?" मिस्त्री हसायचे आणि चहा गार व्हायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच सुमारास बूटवाल्या ताई आल्या.

ताई तीन गल्ल्या सोडून एका खोलीत बूट शिवतात. दुकानात मिळतात तसले नाहीत. ज्या मुलांचं पाऊल जन्मतः वाकडं असतं किंवा एक पाय आखूड असतो, त्यांचे. एका बुटाची टाच जाड, दुसऱ्याची साधी, घोट्यापाशी एका बाजूला उंच चामडं, असं प्रत्येक मुलाच्या मापानं. त्यांच्याकडे तेव्हा अकरा मुलं होती, आणि मुलांचे पाय काही थांबत नाहीत, दर सहा-आठ महिन्यांनी नवे बूट लागतात. ताईंचं मशीन जुनं, बारीक लांब हाताचं. तो हात लहान मुलाच्या बुटात पार टोकापर्यंत शिरतो. आताच्या मशीनचा शिरत नाही.

त्या मशीनचं शटल मोडलं होतं. शटल म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ पोटात घेऊन पुढेमागे धावणारा बोटाएवढा पोलादी तुकडा. त्याची चोच वरच्या दोऱ्यात बरोबर शिरली तर टाका पडतो. चोचच गेली होती. मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली.

मिस्त्रींनी चार दिवस कानस घासून स्वतः एक शटल बनवलं. दिसायला सुरेख, पण वीस-पंचवीस टाक्यांमागे एक टाका सोडायचं. मिस्त्री म्हणाले, तूर्त चालवून घ्या. ताईंनी बूट हातात धरून शिवण दोन्ही बाजूंनी ताणली, आणि टाका सुटलेल्या जागी उजेड दिसला.

"मिस्त्री, मोठ्या माणसाच्या बुटाचा टाका सुटला तर तो शिव्या देईल," त्या म्हणाल्या. "माझं गिऱ्हाईक पडेल."

मिस्त्रींनी मान खाली घातली. ताईंना गावाबाहेरच्या, कमरेच्या पट्ट्यांच्या कारखान्यात काम मिळत होतं. दोन महिने थांबते, तोवर शटल मिळालं तर ठीक, नाहीतर मशीन भंगारात देऊन मी तिकडे जाते, असं त्या सांगून गेल्या. मुलांचं काय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मिस्त्रींनी विचारलं नाही. एवढे बारीक बूट शिवणारं त्या भागात दुसरं कुणी नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्याच दुपारी मिस्त्रींनी मंडळाला पत्र लिहिलं. मशीनचं नाव, शटलवर ठोकलेला नंबर, स्प्रिंग दोन स्क्रूंची आहे, एका स्क्रूची नको. सगळं बारीक लिहून खाली सही, पाच ओळी आणि मी. मग ते वाट बघत बसले. आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. ज्या मंडळात सुईच्या भोकावर चाळीस जण वाद घालतात, तिथून एक अक्षर आलं नाही. लोक विसरले आपल्याला, असं मिस्त्री बायकोला म्हणाले. खरं काय ते मला माहीत होतं. उत्तरं येत होती आणि दारातून परत जात होती. लॉटऱ्यांनी, गोळ्यांनी आणि विधवांनी माझा डबा काठोकाठ भरला होता. जो कुणी लिहील त्याला उलट टपाली कळत होतं, की यांच्याकडे जागा नाही.

सुदैवानं मुलगी सुट्टी काढून घरी आली. तिनं दुकानात येऊन संगणक उघडला. मग तिनं वडिलांनी पाठवलेली उत्तरं वाचली. बावन्न किलोचं वाचून ती हसली, विधवा बाईंचं वाचून तिचे डोळे भरले, आणि त्यानंतर तिनं ठरवून टाकलं की हा पत्ता बंद करायचा. नवा काढायचा, आणि तो कुठेही उघड्यावर लिहायचा नाही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मिस्त्री मात्र शांत होते. जुन्या पानांवर हाच पत्ता आहे, असं ते म्हणाले. उद्या कुणाला शटल सापडलं तर तो ते पान बघून इथेच लिहील, बंद दारासमोर उभा राहील. मुलगी म्हणाली, बाबा, एवढ्या दिवसांत त्या पानांवरून तुमच्याकडे चोरांशिवाय कुणी आलंय का?  पण ताईंचे दोन महिने संपेपर्यंत मला राहू द्यायचं, एवढं त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

दोन दिवस बसून तिनं सगळी घाण काढली. मंडळातल्या लोकांना पुन्हा लिहायला सांगितलं. त्यांची उत्तरं आली, पण शटल कुणाकडेच नव्हतं. मग तिनं माझ्या दाराशी चाळण लावली. अनोळखी माणसाच्या पत्रात 'मोफत', 'वारले', 'तुमच्यासाठी', 'पूर्ण पत्ता कळवा' असलं काही दिसलं की ते थेट कचऱ्याच्या डब्यात जायचं, आणि तीस दिवसांनी कायमचं नाहीसं व्हायचं. तो डबा उघडायचा नाही आणि अनोळखी माणसाला उत्तर द्यायचं नाही, असं तिनं मिस्त्रींकडून वदवून घेतलं. त्यांनी कानाला खडा लावला. ती परत गेली.

चाळण उत्तम चालली. माझा जीव हलका झाला, मिस्त्रींच्या सकाळी मोकळ्या झाल्या. आणि आठवड्याच्या आत ते पत्र आलं.

एका मुलीचं होतं, परदेशातल्या. तिनं लिहिलं होतं की माझे काका वारले, त्यांच्या मागे बऱ्याच वस्तू राहिल्यात, त्यातली एक तुमच्यासाठी ठेवली आहे, मोफत देईन, तुमचा पूर्ण पत्ता कळवा. चाळणीनं ते पत्र वाचलं आणि एक क्षणही न घालवता कचऱ्यात टाकलं. चाळणीला तरी काय दोष द्यावा? शब्द शब्द तिला पढवलेलाच होता. पण पुढच्या ओळीत शटलवरचा नंबर होता. तिनं खोली आवरताना तो नंबर इंटरनेटवर शोधला होता आणि तिला मंडळाच्या पानावरचं मिस्त्रींचं पत्र सापडलं होतं. त्याच पानावर, जिथून मला चोरांनी उचललं.

आता माझी दशा बघा. मला तोंड नाही. कुणाला हाक मारता येत नाही, पत्र ढकलून वर आणता येत नाही. मिस्त्री रोज सकाळी यायचे, मंडळाची पत्रं वाचायचे, मुलीचं वाचायचे, सुस्कारा टाकून संगणक बंद करायचे. कचऱ्याचा डबा शेजारीच होता. दहा दिवस गेले, वीस गेले. दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

सव्विसाव्या दिवशी शनिवार होता. सोमवारी भंगारवाला येणार होता, आणि तो त्याच फेरीत ताईंचं मशीनही नेणार होता. ताईंनी कारखान्यात सोमवारपासून येते म्हणून सांगितलं होतं. मिस्त्रींनी दुकानातली भंगाराची पेटी टेबलावर उपडी केली. हे ते नेहमी करतात. पेटी देण्याआधी सगळं पसरतात, वरून लोहचुंबक फिरवतात आणि मग बोटांनी तुकडा तुकडा चाळतात, कारण घाईच्या दिवशी चांगला स्क्रूही भंगारात पडतो. त्या दिवशीही दोन चांगल्या सुया आणि एक वॉशर निघाला. त्यांनी ते बाजूला ठेवले आणि हात पुसत संगणकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

मग त्यांनी मुलीला फोन लावला. म्हणाले, उत्तर देणार नाही, शब्द दिलाय. पण भंगार न चाळता द्यायची मला सवय नाही, एकदा हात फिरवू दे. तिनं मनापासून नको म्हटलं, पण फोन ठेवला नाही. मिस्त्रींनी डबा उघडला. आत सात हजार पत्रं होती. ते एकेक करून वर सरकवत राहिले, सुया निवडाव्यात तसे, आणि दुपारच्या जेवणाची हाक दोनदा येऊन गेल्यावर त्यांचं बोट थांबलं.

त्यांनी पत्र मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, हे तर अगदी त्यांच्यासारखंच आहे. नंबर तर तुम्हीच उघड्यावर लिहिलाय, कुणीही उतरवून घेईल. ताईंनी कारखान्याची नोकरी नाकारली आणि पार्सल आलंच नाही तर? तिचं म्हणणं खरं होतं.  मग मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारायची परवानगी मागितली. घरचा पत्ता कळवणार नाही, काही नाही, फक्त एक प्रश्न. हो-नाही करता करता ती तयार झाली. मिस्त्रींनी लिहिलं, शटलची चोच कुठल्या बाजूनं आधी झिजते?

उत्तर रविवारी सकाळी आलं, आणि चाळणीनं तेही कचऱ्यातच टाकलं. पण आता मिस्त्री तिथे डोळ्यांत तेल घालून बसले होते. त्या परदेशातल्या मुलीनं लिहिलं होतं, "मला यातलं काही कळत नाही. खणात चार शटलं आहेत. तीन वापरलेली, तिन्हींची चोच डावीकडून बोथट आहे, आणि एकीला काकांनी तिथे पितळेचा ठिपका वितळवून जोडलाय. चौथं तेलकट कागदात आहे, नवं दिसतं. त्याला दोन स्क्रू आहेत."

मिस्त्री खुर्चीत मागे टेकले. "ठग असता तर 'मला कळत नाही' असं लिहिलं नसतं," ते फोनवर म्हणाले.  मुलीनं विचारलं, की कुठल्या बाजूनं झिजते खरंच? डाव्या, मिस्त्री म्हणाले. पण मी मंडळात ते कधी लिहिलं नव्हतं.

ते पत्र कागदावर छापून घेऊन ताईंच्या खोलीवर गेले. पुढचं मला त्यांनी मुलीला लिहिलेल्या पत्रातून कळलं. त्यांनी ताईंना दोन्ही बाजू सांगितल्या, की मला खात्री वाटते, पण माझी मुलगी म्हणते फसवणूक असू शकते, आणि ती माझ्यापेक्षा शहाणी आहे. ताईंनी पत्र हातात घेऊन वाचलं. मग आपलं मोडकं शटल आणलं आणि डावीकडे जिथे झिजलं होतं तिथे अंगठा फिरवला. सोमवारी त्या कारखान्यात गेल्या नाहीत. भंगारवाला रिकाम्या हातानं परत गेला.

नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस आमच्या दुकानात कुणाला धड घास गेला नाही. दहाव्या दिवशी पार्सल आलं, आत तेलकट कागद, आणि कागदात ते. मिस्त्रींनी जोरात श्वासही न घेता ते ताईंच्या मशीनमध्ये बसवलं, तिथेच एक बूट शिवून घेतला आणि ताईंनी शिवण दोन्ही बाजूंनी ताणली. उजेड दिसला नाही. मिस्त्रींनी मुलीला लिहिलेल्या पत्रात शेवटी एवढंच होतं, "ताई रडल्या. मीही."

महिन्यानं मुलगी पुन्हा घरी आली, तेव्हा ताई सहा वर्षांच्या एका पोरीला घेऊन दुकानात आल्या होत्या. पोरीचा उजवा पाय आखूड आहे. नव्या बुटांत ती टेबलापासून खिडकीपर्यंत चालत गेली, खिडकीपासून परत आली आणि मग कुणी सांगितलं नसताना पुन्हा गेली. मिस्त्रींची बायको चहा घेऊन आली होती, तिला कप कुठे ठेवावा ते सुचेना. त्या दिवशीही चहा गारच झाला.

ताई गेल्यावर मिस्त्री मंडळासाठी आभाराचं पत्र सांगायला बसले आणि मुलगी टंकायला. काकांच्या खणातली बाकीची शटलंही ती परदेशातली मुलगी द्यायला तयार होती, कुणाला हवी असतील त्यांनी कळवावं, असं त्यांनी लिहवून घेतलं. मग सही झाली. मग धंदा, वर्षं, मशीनची नावं. 'केव्हाही लिहा, उत्तर मिळेल' या ओळीनंतर मुलीची बोटं थांबली.

मी श्वास रोखून होतो. दोन महिने केव्हाच उलटले होते.  मिस्त्री उठून कपाटाजवळ गेले होते आणि एका खणाची मूठ उगाच पुसत होते.

आज माझं बरं चाललंय, तुमची कृपा. तो पाहुणा अजून येतो, पानं चाळतो, माझी नक्कल घेऊन जातो. नेऊ दे बापडा. रोजची दोनशे पत्रं कचऱ्यात पडतात आणि दर शनिवारी मिस्त्री ती लोहचुंबक फिरवल्यासारखी चाळतात. कुणालाही उत्तर देत नाहीत, विधवा बाईंनासुद्धा नाही, जरी अजून त्यांना ते थोडं जड जातं. तुमच्याकडेही असा एखादा डबा असेलच. फार नको, पण तो रिकामा करण्याआधी एकदा नजर टाकत जा, एवढीच माझी विनंती.

आणि त्या दिवशी काय झालं, ते सांगायचं राहिलंच. मुलीनं वडिलांच्या पाठीकडे पाहिलं, डोळे पुसले आणि शेवटच्या ओळीत स्वतःच्या हातानं मला लिहिलं. आधी अक्षरं, मग सत्तेचाळीस, मग ते शेपटीचं चिन्ह, आणि पुढचं सगळं.